३५९ मुखांसमोर एक दिवस

आमच्या चित्रकलेच्या वर्गात जगातल्या नामवंत कलाकृतींची छापील चित्रं लावलेली आहेत. लिओनार्दोची मोनालिसा, मायकलअँजेलोचा डेव्हिड, अजिंठ्याचा पद्मपाणी, वेरूळचं कैलास. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं ही नावं धडाधड सांगतात. पण पाच मीटरहून उंच डेव्हिड आणि पाऊण मीटरची मोनालिसा छापील कागदावर एकाच मापाची होऊन बसतात. दगडाचं वजन कळत नाही, मूर्तीची मागची बाजू दिसत नाही. मुलांना एकदा खऱ्या शिल्पापुढे कागद-पेन्सिल घेऊन बसवायचं, हे बरेच दिवस मनात होतं. त्यासाठी लांब जायची गरज नव्हती. हत्तरसंग कुडल आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे.

विजापूर रस्त्याने मंद्रूप मागे टाकून आम्ही सकाळीच पोचलो. इथे भीमा आणि सीना एकमेकींना मिळतात, पलीकडे कर्नाटक. काठावर संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही कल्याणी चालुक्यांच्या काळातली दोन देवळं. संगमेश्वराच्या मंडपात मुलांना आधी माना वर करायला लावल्या. तिथल्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख कोरलेला आहे. सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्याची शेवटची ओळ. गावोगाव हिंडून शिलालेख शोधणारे सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. मुलांनी अक्षरं लावायचा प्रयत्न केला. एखादं ओळखू आलं की ओरडायची.

मग बहुमुखी शिवलिंगाकडे वळलो. हरिहरेश्वराचं देऊळ मातीखाली गेलं होतं. १९९९ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि हे लिंग बाहेर आलं. उंची सुमारे दोन मीटर, वजन साडेचार टनांच्या आसपास, आणि सगळ्या अंगावर ओळींमागून ओळी मुखं. एकूण ३५९. मधूनमधून बसलेल्या छोट्या मूर्तीही आहेत.

मुलांनी पहिल्यांदा केलं ते मोजायला सुरुवात. गोल फिरायचं म्हटल्यावर कुठून सुरुवात केली तेच विसरायला होतं. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेना. शेवटी त्यांनी आपसात ओळी वाटून घेतल्या. मी म्हटलं, "मोजणं पुरे. आता प्रत्येकाने आपल्या ओळीतली शेजारशेजारची तीन मुखं काढा. तीनच."

खरा अभ्यास तिथून सुरू झाला. सोलापूरच्या पूर्व भागातली एक मुलगी आहे, तिच्या घरी चादरीचे माग आहेत. तिने पहिलं मुख काढलं आणि दुसरं त्याच्यावरून उतरवायला घेतलं. थोड्या वेळाने थांबली.

"सर, हे सेम नाहीये की."

"काय वेगळं आहे?"

"हनुवटी बघा ना. ह्याची रुंद आहे. आणि ह्याचं तोंड थोडं खाली आलंय."

मागावर जकार्डची कार्डं एकदा लावली की फूल हजार वेळा तसंच उमटतं, हे ती जन्मापासून बघत आली आहे. तेच फूल, तेवढंच अंतर. इथे मात्र ओळ सरळ आहे, अंतर राखलेलं आहे, आणि तरी हात प्रत्येक मुखाशी नव्याने थांबलेला आहे. तिने खोडरबर बाजूला ठेवलं आणि दुसरं मुख पहिल्याकडे न बघता काढलं.

ढीगभर चेहरे घडवायचे कसे, हा प्रश्न जगात इतरांनीही सोडवला आहे. चीनमध्ये शिआनजवळ १९७४ साली शेतकरी विहीर खणत होते, तेव्हा एका प्राचीन सम्राटाची मातीची फौज सापडली. त्या हजारो सैनिकांचे भाग साच्यातून काढलेले, आणि वर ओल्या मातीत कुणाची मिशी, कुणाची भुवई हाताने बदललेली. कंबोडियात बायोनच्या मनोऱ्यांवर मोठमोठे चेहरे आहेत, पण ते दगडांवर दगड रचून, अनेक तुकड्यांतून घडवलेले. कुडलच्या कारागिरापुढे सगळं एकाच दगडात होतं. माती चुकली तर पुन्हा थापता येते. दगडात टाकी फक्त काढते, परत काही लावता येत नाही. तीनशेव्या मुखाचं नाक उडालं असतं तर आधीच्या दोनशे नव्याण्णवांचे कष्टही त्याच्याबरोबर गेले असते. हे सांगितल्यावर मुलं एकदम जवळ सरकली आणि टाकीच्या खुणा शोधायला लागली.

दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन पुन्हा बसलो. उजेडाची दिशा बदलली होती, सकाळी सपाट वाटलेली काही मुखं आता उठून दिसत होती. ज्यांनी सकाळी भराभर काम संपवलं होतं, त्यांनी स्वतःहून नवा कागद मागून घेतला. वर्गात वस्तुचित्रासाठी घडा आणि कापड मांडून छाया-प्रकाश शिकवायला मला आठवडे लागतात. इथे दगडाने तो धडा एका दिवसात दिला.

परतताना एकाने विचारलं, "सर, हे करणाऱ्याचं नाव काय?" नाव कुठे कोरलेलं नाही. डेव्हिडला मायकलअँजेलोचं नाव आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्या पुढ्यात पाचशे वर्षं चित्रकार कागद घेऊन बसत आले आहेत. शिल्प घडवतो कारागीर, पण त्याला थोरवी मिळते ती पिढ्यान्‌पिढ्या बघणाऱ्यांमुळे. कुडलचं हे लिंग मातीतून वर येऊन जेमतेम पाव शतक झालंय. त्याच्या वाट्याचे बघणारे अजून यायचे आहेत, आणि ते तयार करणं हे आम्हा चित्रकला शिक्षकांचं काम आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना आग्रहाने सांगतो. सहलीच्या यादीत कुडल घाला, आणि वीस मिनिटांत दर्शन उरकून बसमध्ये बसवू नका. मुलांच्या हातात पॅड द्या, चार बीची पेन्सिल द्या, मोबाइल दप्तरात ठेवायला लावा. तीन मुखं काढायला सांगा. तिसरं मुख पूर्ण होईपर्यंत मूल बघायला शिकलेलं असतं. मग त्याला पुढे कधी फ्लॉरेन्सला न्या की वेरूळला, काय बघायचं ते त्याला सांगावं लागणार नाही.