पुरुषांची घसरण

बोस्टनच्या आसपासच्या पुरुषांचं रक्त १९८७ ते २००४ या काळात तीनदा तपासलं. वय तेच, पण नंतरच्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी! रुपया घसरतो हे ठाऊक होतं; आता पुरुषही घ्या.

एक संशयित म्हणजे पोट. तिथली चरबी या हॉर्मोनचं चक्क स्त्री-हॉर्मोन करून टाकते. (माझ्या ढेरीत एवढी कारखानदारी!) हिला सांगितलं, तर म्हणाली, "मग एव्हाना भाजी निवडता यायला हवी होती!"

शिकागोचा २०११ सालचा प्रयोग वाचला आणि हसू मावळलं. १० तरुणांना आठवडाभर रोज ५ तासच झोपू दिलं, तर दिवसाचं प्रमाण १० ते १५ टक्क्यांनी उतरलं. आमचे चिरंजीव रात्रभर अमेरिकेचे फोन घेतात आणि सकाळी ७ ते १२ झोपतात.

हिनं मुकाट्यानं शिटीचा कुकर फळीवर ठेवला आणि भात पातेल्यात टाकला.