वाळूतला झिरा

नरसीला गेलो ते नामदेवाच्या दर्शनाला नाही. कयाधू बघायला गेलो. संगं माय होती.

मार्च संपत आलेला. नदी आटलेली. पण एका वाकणावर वाळू अजून कोणी उपसली नव्हती. ट्रॅक्टरची चाकोरी नाही, खड्डा नाही. वाऱ्यानं पाडलेल्या वळ्या तशाच. काठाला करंज, बाभळी. एक टिटवी डोक्यावर कोकलत फिरत होती. जवळच तिची अंडी असतील. मी चपला काढल्या. म्हणालो, "माय, किती चांगलं हाय इथं!"

माय वाळूकडं बघत उभी. म्हणली, "इथं झिरा लवकर लागंल."

मायचं माहेर याच नदीकाठी, खालच्या अंगाला. उन्हाळ्यात पाणी वाळूच्या पोटातून वाहतं. हात-दीड हात उकरलं की पाझरतं, वाळूच ते गाळून देते. गावाचा झिरा वर. तिथं आमची सावली नको. त्याच्या खाली जनावरं धुवायची जागा. त्याच्याही खाली आमचा झिरा. करवंटीनं घागर भरता भरता अर्धी रात जायची. "वाळू दिसली की मला अजून तहान लागती," माय म्हणली.

दोस्तहो, नामदेव इथला, जन्म १२७० चा. परंपरा सांगते, १३३८ साली मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गाडला गेला, तेव्हा त्याची हाडं नामदेवानं पंढरपुरी नेली. पण समाधी दाराबाहेर, पायरीपाशी. नामदेवाची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात पोचली. चोखोबाच्या माणसांना पंढरीचं दार उघडायला मात्र १९४७ साल लागलं, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या वीस वर्षं आधी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं.

नदीवरच्या कविता मला कधी आपल्या वाटल्या नाहीत. का, ते त्या दिवशी कळलं. ज्याला नदी खालूनच मिळाली, तो तिच्यावर काय लिहिणार? पण म्हणून नदी सोडून द्यायची नाही. वाळू उपसली की झिरा मरतो, आणि तहान आधी आपल्याच वस्तीला लागते. हाही आपलाच लढा आहे.

माय उठली. वाकणाच्या वरल्या अंगाला चालत गेली. हातानं वाळू उकरली. पाणी आधी गढूळ आलं. ती थांबली. नितळल्यावर ओंजळ भरून प्याली.

म्हणली, "ये. वरचं हाय."