चेंडू मागायला येणारा माणूस

लेकीकडे कॅलिफोर्नियात गेलो होतो तेव्हा जावयांनी बेसबॉलच्या मायनर लीगचा एक सामना दाखवायला नेलं. नियम धड कळत नव्हते. निम्मा सामना उलटला असेल, तेवढ्यात पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, लय बिघडली. चेंडू हवे तिथे पडेनात. मग डगआउटमधून सुटलेल्या पोटाचा, साठीकडे झुकलेला एक माणूस निघाला. अंगावर खेळाडूंचाच गणवेश. सावकाश चालत तो मधल्या उंचवट्यावर गेला आणि काही न बोलता त्याने हात पुढे केला. विशी-एकविशीतल्या त्या पोराने चेंडू त्याच्या तळहातावर ठेवला आणि खाली मान घालून चालू लागला.

"आता हा परत कधी टाकणार?" मी विचारलं.

"आज नाही, बाबा. एकदा बाहेर काढलं की त्या सामन्यापुरता विषय संपला."

माझ्या पोटात कालवलं. मीही कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये आठ-नऊ पावसाळे ऑफस्पिन टाकली आहे. दोन षटकांत तीन चौकार बसले की कप्तान मिडऑफवरूनच "जरा दम खा रे" म्हणायचा आणि मी निमूट फाइन लेगला जायचो. पण तिथे उभं राहून निदान आशा तरी करता यायची. इथे तीही सोय नाही. चेंडू काढून घेणाऱ्या त्या म्हाताऱ्याबद्दल, म्हणजे संघाच्या मॅनेजरबद्दल, मात्र मला कुतूहल वाटू लागलं. तोही कधीतरी त्याच उंचवट्यावर उभा राहिला असेल का?

त्या कुतूहलापोटी जे वाचत गेलो, त्यात टॉमी लासोर्डा भेटला आणि मग सुटला नाही.

पेनसिल्व्हेनियातल्या नॉरिसटाऊनचा, इटालियन स्थलांतरिताचा हा मुलगा डावखुरा पिचर होता. १९४८ साली, विशीतच, स्केनेक्टडी शहराच्या संघाकडून त्याने एकाच सामन्यात सलग १५ इनिंग टाकल्या, २५ फलंदाज स्ट्राइकआउट केले आणि शेवटी विजयी धावेचा फटकाही स्वतःच मारला. नेहमीचा सामना ९ इनिंगचा असतो. त्या दिवशी चेंडू मागायला कोणी आलं नाही. हे लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

मॉन्ट्रियल हा तेव्हा ब्रुकलिन डॉजर्स या बड्या संघाचा मायनर लीगमधला संघ. तिथे लासोर्डाने शंभरावर सामने जिंकून दिले. वरच्या पायरीवर, मेजर लीगमध्ये, तीन हंगामांत मिळून २६ सामने, चार पराभव आणि विजय शून्य. ब्रुकलिन डॉजर्सने त्याला सुरुवातीपासून टाकायला दिलं ते एकदाच, मे १९५५ मध्ये. पहिल्याच इनिंगमध्ये तीन चेंडू कॅचरच्या आवाक्याबाहेर गेले, वर धावपटूशी टक्कर होऊन पाय फाटला. खेळ तिथेच आटोपला.

पुढच्याच महिन्यात त्याला पुन्हा मॉन्ट्रियलला धाडलं. जागा हवी होती ती १९ वर्षांच्या एका पोरासाठी. करारापोटी ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेल्या नवख्याला दोन हंगाम मुख्य संघातच ठेवायचं, असा तेव्हा नियम होता. पोराचं नाव सँडी कूफॅक्स, आणि तोही डावखुराच. पुढे तो बेसबॉलच्या सर्वश्रेष्ठ पिचरांत गणला गेला. आपल्याकडे पद्माकर शिवलकरांचं नाव निघालं की पाठोपाठ बिशनसिंग बेदींचं निघतं, तसंच हे. फरक इतकाच की लासोर्डा ही गोष्ट आयुष्यभर स्वतःच हसत, मीठमसाला लावून सांगत राहिला.

'ज्याला खेळता येत नाही तो शिकवतो' असं आपण सहज बोलून जातो. लासोर्डाला खेळता येत होतं. फक्त दहा जागा असताना तो अकरावा होता.

१९६० साली खेळ संपला. काही वर्षं नव्या पोरांच्या शोधात गावं पालथी घातल्यावर १९६५ पासून मॅनेजरकी सुरू झाली, तीही तळापासून: पोकाटेलो, ऑग्डेन, स्पोकेन, अल्बुकर्की. बसचा प्रवास, स्वस्त खाणावळी आणि घरापासून पहिल्यांदाच लांब आलेली पोरं. ऑग्डेनमध्ये ओळीने तीन विजेतेपदं आली. तिथल्या पोरांकडून तो म्हणे मुख्य संघातल्या ताऱ्यांना पत्रं लिहून घ्यायचा: मजा करून घ्या, तुमची जागा घ्यायला मी येतोय! ज्याची जागा एका पोराने घेतली त्यानेच हे शिकवावं, हे मला फार आवडतं. पुढे मुख्य संघाचा तारा झालेला स्टीव्ह गार्वी त्याच पोरांतला.

१९७६च्या सप्टेंबरअखेर डॉजर्सची सूत्रं त्याच्याकडे आली. पुढच्या वीस वर्षांत १,५९९ विजय आणि १९८१ व १९८८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका. आकडे कुठेही मिळतील. माझं मन अडकतं ते १९८१च्या मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात. फर्नांडो वालेंझुएला, वीस वर्षांचा मेक्सिकन पोरगा, डावखुरा. त्या रात्री त्याला सूर सापडत नव्हता. नऊ हिट बसले, सात जणांना फुकट बेस दिले. कोणत्याही शहाण्या मॅनेजरने चेंडू काढून घेतला असता. लासोर्डाने नाही घेतला. १४७ चेंडू टाकून पोराने सामना ५-४ असा जिंकला.

याला विश्वास म्हणतात आणि त्याची वाखाणणीही पुष्कळ झाली आहे. मला त्यात दुसरंही काही दिसतं. ज्याच्या हातातून चेंडू काढून घेतला गेला, त्याला दुसऱ्याच्या हातातून तो काढून घेणं जड जात असावं. आणि याची किंमत त्याने नाही, पोरांच्या खांद्यांनी मोजली. वालेंझुएलाने १९८२ पासून सलग सहा वर्षं दरसाल अडीचशेवर इनिंग टाकल्या. १९८८ मध्ये खांदा बोलला. १९८८च्या विजयाचा नायक ऑरेल हर्शायझर दीड वर्षातच शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. सगळा दोष मॅनेजरचा असं मी म्हणणार नाही. तेव्हा चेंडू मोजायची रीतही रुळली नव्हती. पण १५ इनिंग टाकलेला माणूस दमलेल्या हाताकडे कोणत्या मापाने पाहत असेल?

माझ्या कप्तानाला मी बरीच वर्षं मनातल्या मनात शिव्या दिल्या. माझा उजवा खांदा सत्तरीतही शाबूत आहे, हेही सांगून टाकतो.

१९९६ मध्ये हृदयविकाराने लासोर्डाला डगआउटमधून उठवलं. चार वर्षांनी, ७३व्या वर्षी, तो सिडनी ऑलिंपिकला अमेरिकेचा संघ घेऊन गेला. मेजर लीगचे तारे त्यात नव्हते. बहुतेक मायनर लीगमधलीच पोरं. अंतिम सामना बलाढ्य क्यूबाशी. बेन शीट्स या २२ वर्षांच्या मायनर लीगच्या पिचरने नऊच्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. अमेरिका ४-० ने जिंकली. सुवर्णपदकं खेळाडूंच्या गळ्यात पडली; ऑलिंपिकमध्ये मॅनेजरला पदक देत नाहीत.