आकाशातील अरुंद गल्ली

माझे चाचा सौदी अरेबियात दम्मामला वेल्डर होते. एका खोलीत सहा जण राहत. त्यांतला एक उत्तर प्रदेशचा. १९९६ च्या नोव्हेंबरात तो रजा संपवून दिल्लीहून परत येणार होता. येताना सर्वांसाठी गावचा गूळ आणतो, असे त्याने कबूल केले होते.

१२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी त्याचे विमान दिल्लीहून निघाले. त्याच वेळी कझाकस्तानहून एक विमान दिल्लीत उतरण्यासाठी खाली येत होते. हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ दोन्ही विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्हींत मिळून ३४९ माणसे होती. एकही वाचले नाही. दम्मामच्या खोलीतली ती खाट महिनाभर कोणी हलवली नाही, असे चाचा सांगत.

मी तेव्हा आठवीत होतो. एवढे मोठे आकाश, आणि दोन विमानांना जागा पुरू नये? हा प्रश्न मी अब्बांना विचारला. ते गप्प राहिले.

पुढे मी विज्ञानाचा शिक्षक झालो. माझा एक जुना विद्यार्थी आता विमानातील यंत्रे दुरुस्त करतो. एकदा तो भेटायला आला, तेव्हा मी तोच प्रश्न त्याला विचारला.

तो म्हणाला, "सर, आकाश मोठे असले तरी विमानांच्या वाटा ठरलेल्या असतात. त्या काळी दिल्लीला येणारी आणि दिल्लीहून जाणारी विमाने एकाच वाटेने जात. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहायला सांगितले होते, कझाक विमानाला १५ हजार फुटांवर. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. तिथल्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसे, पण किती उंचीवर आहे ते दिसत नसे."

"मग वैमानिकांनी समोर पाहायचे ना!" मी म्हणालो.

तो हसला. समोरासमोर येणारी दोन विमाने ताशी आठआठशे किलोमीटर वेगाने जात असतील, तर त्यांच्यातले एक किलोमीटर अंतर सव्वादोन सेकंदांत संपते. डोळ्यांनी पाहून वळायला वेळ कुठला?

मग त्याने 'टीकॅस' नावाच्या यंत्राची माहिती दिली. हे यंत्र जवळपासच्या विमानांना रेडिओ लहरींनी सतत विचारत असते, "कोण आहे?" उत्तर यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळते. उंची उत्तरातच असते. धोका वाटला की यंत्र इंग्रजीत बोलते, "ट्रॅफिक, ट्रॅफिक." धोका वाढला की हुकूम देते, "क्लाइंब," म्हणजे वर जा, किंवा "डिसेंड," म्हणजे खाली या.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. आमच्या गल्लीत समोरून सायकल आली की मी डावीकडे वळायचो, तोही त्याच बाजूला वळायचा. मी दुसऱ्या बाजूला गेलो की तोही तिकडेच! शेवटी चाकाला चाक भिडायचे. दोन्ही विमानांत टीकॅस असेल, तर ती यंत्रे आधी आपसांत ठरवतात. एक वर, दुसरे खाली.

मात्र हुकूम दोघांनीही मानला पाहिजे. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत उबरलिंगेन गावावर एका रशियन विमानाला यंत्र सांगत होते, वर जा. जमिनीवरचा नियंत्रक सांगत होता, खाली या. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. समोरचे मालवाहू विमान आपल्या यंत्राचे ऐकून खालीच येत होते. ७१ जण गेले, त्यांत बरीच शाळेतली मुले होती. त्यानंतर जगभर नियम स्पष्ट झाला: अशा वेळी यंत्राचेच ऐकायचे.

हे सगळे मी चाचांना सांगितले. ते आता घरीच असतात. त्यांनी विचारले, "तेव्हा हे यंत्र निघाले नव्हते का?"

"निघाले होते. अमेरिकेत १९९३ च्या अखेरीपासून मोठ्या प्रवासी विमानांना ते सक्तीचे होते. पण त्या दोन्ही विमानांत नव्हते. आपल्याकडे सक्ती झाली ती त्या अपघातानंतर."

चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "महाग असते का रे ते?"

"विमानाच्या किमतीच्या मानाने थोडेच," मी म्हणालो.