आमच्या भागाची रिक्वायरमेंट

आमच्या धंद्यात एक वाक्य फार महाग पडतं. "युजरला काय हवंय ते आम्हाला माहीत आहे." सहा वर्षांच्या नोकरीत हे मी निदान वीस मीटिंगांत ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर चार-पाचदा स्वतःही म्हटलंय. त्याची किंमत मग रात्री दोन वाजता सपोर्ट कॉलवर बसून मोजावी लागते. पण गेल्या पावसाळ्यात हेच वाक्य मी ऑफिसबाहेर म्हटलं, आणि... थांबा, सुरुवातीपासूनच सांगतो.

आम्ही राहतो पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या आतल्या बाजूला. आमच्या सोसायटीत बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत. पुणे महापालिकेने नागरिकांच्या सूचना बजेटमध्ये घ्यायला २००६ साली सुरुवात केली, तेव्हापासून हे काका नेमाने फॉर्म भरतात. गेल्या वर्षी मला लिफ्टमध्ये गाठून म्हणाले, "अरे, दरवर्षी आपण बाकडी मागतो नाहीतर पेव्हर ब्लॉक मागतो. वीस वर्षांनी हा भाग कसा असावा, हे कुणी विचारतच नाही. तू ते अमेरिकेतल्या गावाचं सांगत होतास ना? तसं काहीतरी करू या की!"

ते गाव म्हणजे चॅटनूगा. टेनेसी राज्यातलं, नदीकाठचं. २०२३ साली मी तिथे तीन महिने ऑनसाईट होतो. १९६९ साली सरकारनेच 'अमेरिकेतली सगळ्यात घाणेरडी हवा' असा शिक्का या गावावर मारला होता. पुढे कारखाने बंद पडत गेले, गावाचा मधला भाग ओस पडला. मग १९८४ मध्ये 'व्हिजन २०००' नावाचा उद्योग सुरू झाला. नकाशे, तज्ज्ञ वगैरे नंतर. आधी लोकांना बोलावून विचारायचं की २००० साली तुम्हाला कसं गाव हवंय? वीस आठवडे हे चाललं. साधारण १७०० लोक आले. पहिल्या फेरीत जो जे म्हणेल ते लिहून घ्यायचं, कुणी कुणाला वेड्यात काढायचं नाही. मग सारख्या कल्पना एकत्र करायच्या, मग निवड. शेवटी ४० उद्दिष्टं ठरली आणि १९९२ पर्यंत त्यातली बहुतेक मार्गी लागली होती. नदीकाठी मोठं मत्स्यालय झालं. १९७८ पासून वाहनांना बंद असलेला, पाडायला निघालेला वॉलनट स्ट्रीट पूल दुरुस्त करून १९९३ मध्ये फक्त चालणाऱ्यांसाठी खुला केला. दर शनिवारी मी त्या पुलावर जायचो. पोरं पळताहेत, आजी-आजोबा हात धरून चालले आहेत... मला आपला लकडी पूल आठवायचा आणि हसू यायचं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. २०१३ मध्ये पुण्याच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला, तेव्हा ८० हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. आधी नकाशा, मग लोक. म्हणजे कोड फ्रीझ झाल्यावर युजरला विचारायचं, "काय हो, आवडलं का?"

तर मी कंबर कसली. प्रोजेक्ट असल्यासारखा प्लॅन केला. आजूबाजूच्या सहा सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निमंत्रण, रविवारी सकाळी अकरा वाजता क्लब हाऊस, रंगीत चिठ्ठ्या, मत द्यायला टिकल्या (बायकोच्या ड्रॉवरमधून ढापलेल्या), शेवटी चहा-सामोसे. एका मित्राने विचारलं, "वस्तीतल्या लोकांना कळवलंस का?" मी म्हटलं, "अरे, त्यांचे प्रश्न आपल्याला माहीतच आहेत." हेच ते वाक्य.

४३ लोक आले. मीटिंग झकास झाली! कुणी भांडलं नाही (पुण्यात!), आणि सगळ्यात जास्त टिकल्या, ३१, एकाच चिठ्ठीवर पडल्या. 'फूटपाथ मोकळा करा, भाजीवाल्यांना हलवा.' मी ते पहिल्या क्रमांकाला लिहिलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला.

संध्याकाळी कोथिंबीर आणायला खाली गेलो. आमच्या गेटपासून पन्नास पावलांवर एक मावशी बसतात. मी कॉलेजात होतो तेव्हापासून बसतात. जुडी देता देता त्यांनी विचारलं, "दादा, सकाळी कसली मिटिंग हुती? वॉचमन म्हनला, आमाला उठवनारेत."

काय सांगणार? मी म्हटलं, "तसं काही नाही मावशी, नुसती चर्चा होती." हे खोटं होतं आणि ते आम्हा दोघांनाही कळलं.

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला बोलवायचं ना. पन सकाळी न्हाई, सकाळी धंदा असतो. रातच्याला आले असते." मग मीच विचारलं, बोलावलं असतं तर काय मागितलं असतं? मला वाटलं होतं जागेचं बोलतील. त्या म्हणाल्या, "संडास. सकाळी सातला बसते ती दुपारी दोनला घरी जाते. तवर पानी पीत न्हाई मी."

दहा वर्षं मी त्यांच्याकडून भाजी घेतोय. ४३ लोकांच्या शंभरेक चिठ्ठ्यांत ही गोष्ट कुठेच नव्हती. कशी असणार? आमच्यातल्या प्रत्येकाला पाच मिनिटांवर स्वतःचा फ्लॅट आहे.

त्या रात्री मी बरंच वाचत बसलो. फेरीवाल्यांसाठीचा २०१४ चा केंद्राचा कायदा पाहिला. फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका, असं त्यात लिहिलंय. म्हणजे जे मला सुचलं नाही ते कायद्याला सुचलं होतं. चॅटनूगाचं गणितही पुन्हा मांडलं. तेव्हा गावची वस्ती साधारण १ लाख ७० हजार. आले १७००. शंभरात एक!

आणि एक जुना फोटो सापडला. त्या पुलाच्या दक्षिण टोकाला एक स्मारक आहे. १९०६ साली एड जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाची फाशी सुप्रीम कोर्टाने थांबवली होती, तरी जमावाने त्याला तुरुंगातून ओढून काढलं आणि याच पुलावर मारलं. पूल १९९३ मध्ये पुन्हा खुला झाला, स्मारक मात्र २०२१ मध्ये उभं राहिलं. मधली २८ वर्षं त्या आनंदी पुलावरून चालताना काहीजणांना वेगळंच काही आठवत असणार. मी तिथे फोटो काढून आईस्क्रीम खायला गेलो होतो. भाजीच्या गाड्याशी याची तुलना करायची नाहीये मला, तेवढी अक्कल आहे. पण ज्या पुलाचे गोडवे मी काकांना सांगितले, त्याचीही अर्धीच गोष्ट मला माहीत होती.

दुसऱ्या दिवशी काकांना म्हटलं, यादी अजून पाठवायची नाही. काका भडकले. "३१ मतं पडली आहेत! आता तू निकाल फिरवणार? याला लोकशाही म्हणतात का?" त्यांचा मुद्दा अगदीच चूक नव्हता. लोकांनी रविवार खर्च केला होता. शेवटी तडजोड झाली. जुनी मतं तशीच ठेवायची, पण आणखी दोन बैठका घ्यायच्या, आणि त्यांच्या वेळी, त्यांच्या जागी.

एक झाली रात्री साडेआठला, वस्तीतल्या गणपती मंडळाच्या मांडवात. दुसरी दुपारी तीनला आमच्याच बागेत, घरकाम करणाऱ्या बायकांसाठी. चिठ्ठ्या बाद, कारण काहींना लिहिता येत नव्हतं. त्या बोलल्या, मी लिहिलं, मग वाचून दाखवलं. एकीने मला दोनदा दुरुस्त केलं. आमच्या क्लायंटने असं केलं तर किती बरं होईल!

मांडवात मावशींनी एक गोष्ट सुनावली. "फूटपाथ आमी अडवला म्हनता, मग त्यावर चढवलेल्या गाड्या कुनाच्या?" माझी अॅक्टिवासुद्धा त्यात असते. काका शेजारीच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, पण घरी येताना म्हणाले, "संडासाचा फॉर्म मी भरतो."

तो फॉर्म गेला. बाकड्यांचाही गेला, सवय कशी सुटणार! फूटपाथचं मात्र एकमत झालेलं नाही. वीस वर्षांच्या यादीत तो मुद्दा मी 'मतभेद' अशा वेगळ्या रकान्यात ठेवलाय, दोन्ही बाजू लिहून. ग्रुपवर दोघांनी मला 'समाजसेवक' म्हणून टोमणे मारले आणि एकाने ग्रुप सोडला. चालायचंच.

संडास झाला की नाही? अजून नाही. मावशी अजूनही दुपारी दोनपर्यंत पाणी पीत नाहीत. त्यामुळे या वर्षीचा पहिला फॉर्म कशाचा, हे ठरलेलं आहे. आणि माझी अॅक्टिवा सध्या आत, पार्किंगमध्ये असते.