हा सिनेमा मला आधी कुणी का नाही सांगितला!

एक पोरगा काडी पेटवतो, सिगरेट शिलगावतो, फुंकर मारून काडी विझवतो आणि ती बोटांत धरून मोडून टाकतो. दोन सेकंदांचं काम. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा माझं लक्षही गेलं नाही. आणि आता? आता ‘द स्काय क्रॉलर्स’ पाहून झाल्यापासून त्या मोडक्या काडीशिवाय मला दुसरं काही सुचत नाहीये. भेटेल त्याला धरून सांगतेय, तुम्हालाही सांगते.

सिनेमा जपानी आहे, अ‍ॅनिमेशनपट, 2008 सालचा. दिग्दर्शक मामोरू ओशी. ‘घोस्ट इन द शेल’वाला ओशी म्हटलं की ओळखीच्या खुणा पटतील. तो 1995 चा सिनेमा मला आवडला होता. पण खरं सांगायचं तर आवडला म्हणण्यापेक्षा दबकले होते मी त्याला. त्यामुळे इथेही यंत्रमानव, पाऊस पडणारी महानगरं आणि जड जड तत्त्वज्ञान असणार अशी मनाची तयारी करून बसले. आणि समोर काय यावं? हिरवीगार कुरणं, त्यांच्या मधोमध एक जुनी इमारत, धावपट्टी, लांब कानांचं एक सुस्त बॅसेट हाउंड कुत्रं आणि पंख्यांची विमानं! ओशीची माणसं यासाठी आयर्लंड आणि पोलंडमध्ये जाऊन जागा पाहून आली होती. त्यामुळे पडद्यावरचा देश नकाशात नसला, तरी तिथली हवा अंगाला लागते.

गोष्ट सांगायला सोपी, पचवायला अवघड. युइची कान्नामी नावाचा एक तरुण वैमानिक या तळावर बदलून येतो. आधीच्या वैमानिकाचं विमान त्याला मिळतं. तो वैमानिक, जिनरो कुरिता, कुठे गेला? कुणी धड सांगत नाही. तळाची प्रमुख सुइतो कुसानागी काळ्याभोर केसांची, काटेकोर, गोठल्यासारखी. आणि दिसायला? कान्नामीएवढीच! शाळेतून नुकती बाहेर पडलेली पोरगी वाटावी अशी. इथले सगळेच वैमानिक पोरसवदा. सिगरेटी ओढतात, बिअर पितात, मोटारसायकलवरून डायनरमध्ये जातात, बायकांकडे जातात आणि दुसऱ्या दिवशी माणसं मारायला आकाशात. ती मोठी होत नाहीत. होऊच शकत नाहीत. त्यांना ‘किल्ड्रेन’ म्हणतात. कुणी मारलं नाही, तर ती मरतही नाहीत.

आणि लढाई कशासाठी? इथे मी सिनेमा थांबवून पाणी प्यायला उठले. जगात शांतता आहे! देशांचं एकमेकांशी वैर नाही. रोस्टॉक आणि लाउटर्न या दोन खासगी कंपन्या कंत्राटावर युद्ध चालवतात. लोक ते टीव्हीवर बघतात, पेपरात वाचतात. कारण कुठेतरी कुणीतरी खरोखर मरतंय हे दिसल्याशिवाय शांततेची किंमत माणसाला कळत नाही, हा त्यामागचा हिशेब. हे सगळं कुसानागी एकदा सपाट आवाजात समजावून सांगते. त्या सपाट आवाजाने मला जेवढं हादरवलं, तेवढं कुठल्याही किंकाळीने हादरवलं नसतं. (हा आवाज रिंको किकुचीचा. ‘बेबल’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, तीच.) ती एकदाच ओरडते. तळाजवळ एक विमान कोसळतं, माणसं जमतात, आणि गर्दीतली एक बाई ‘बिचारा’ म्हणून हळहळते. कुसानागी अशी काही उसळते तिच्यावर! इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं त्या अनोळखी बाईवर निघतं. प्रेक्षक म्हणून मीही मनात ‘बिचारा’ म्हणालेच होते, तेव्हा तो फटका मलाही बसला.

आता विमानांबद्दल बोलू द्या, नाहीतर मी फुटेन. मला विमानांतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता मात्र घरच्यांना कंटाळा येईपर्यंत मी शिंदेन नावाच्या जपानी लढाऊ विमानाबद्दल बोलतेय. कान्नामीचं ‘सांका’ हे विमान काल्पनिक आहे, पण त्याची ठेवण क्युशू कंपनीच्या या शिंदेनवरून घेतल्याचं लगेच कळतं: पंखा नाकाला नाही, शेपटाकडे, छोटे पंख पुढे, मोठे मागे, जणू कुणी विमान उलटंच जोडलंय. खरं शिंदेन पहिल्यांदा उडालं 3 ऑगस्ट 1945 ला. तारीख परत वाचा. तीन दिवसांनी हिरोशिमा. युद्ध संपलं, आणि दोन नमुन्यांपलीकडे ते विमान कधी गेलंच नाही. (‘गॉडझिला मायनस वन’ पाहिला असेल, तर शेवटच्या भागातलं ते विचित्र विमान आठवा. तेच.) ज्या विमानाला लढायची वेळच आली नाही, त्याच्यासारखी विमानं ओशीने कधीच न संपणाऱ्या युद्धात लोटून दिली आहेत. हे त्याने मुद्दाम केलं की विमान देखणं म्हणून घेतलं, कोण जाणे. मला मात्र ते जिव्हारी लागलं.

आणि ती आकाशातली दृश्यं! जमिनीवर सगळं हाताने काढलेलं, सपाट. चेहरे जवळजवळ हलत नाहीत, माणसं दोन वाक्यांच्या मध्ये इतकी थांबतात की मला वाटलं नेट अडकलं. विमान धावपट्टी सोडतं आणि पडद्याला एकदम खोली येते. संगणकावर घडवलेले ढग, काचेवरून सरकणारं ऊन, गिरकी घेताना उलटं होणारं क्षितिज. आवाज अमेरिकेतल्या स्कायवॉकर साउंडमध्ये घडवलेत, आणि हेडफोन लावून पाहिलंत तर इंजिनाची घरघर छातीत जाणवते. भाषासुद्धा बदलते! जमिनीवर जपानी बोलणारी ही पोरं आकाशात रेडिओवर इंग्रजी बोलतात. या मुलांना जमिनीवर आयुष्यच नाही. जे काही आहे ते वर, त्या काही मिनिटांत, जिथे मरण शेपटीला लागलेलं असतं. मियाझाकीच्या ‘पोर्को रोस्सो’मध्ये उडण्याचा निखळ आनंद आहे. इथेही आनंद आहे, पण तो पाहताना आपल्याला अपराधी वाटतं.

मध्येच खूप कंटाळा येतो, हे लपवणार नाही. पाऊण तासाच्या सुमाराला मी घड्याळ पाहिलं. तोच कॉफीचा कप, तोच डायनर, पायऱ्यांवर बसलेला तोच म्हातारा. मग युदागावा नावाचा वैमानिक मरतो. पेपर वाचून झाला की तो एका ठरावीक पद्धतीने नीट घडी घालायचा. काही दिवसांनी त्याच्या जागी आइहारा येतो. बसतो. पेपर वाचतो. आणि घडी घालतो.

अगदी तश्शीच.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी उलटी मागे गेले, काडी मोडणाऱ्या कान्नामीपाशी. ही सवय जिनरोचीही होती! मग हे नवे वैमानिक नवे नाहीतच. मेलेल्यांना पुन्हा घडवून, नवं नाव देऊन परत पाठवलंय. आठवणी पुसलेल्या, हात मात्र तेच. आणि तो कंटाळा, ती पुन्हा पुन्हा तीच जागा, हे सगळं मी टाळून पुढे जावं म्हणून नव्हतंच. त्यांचं जगणं थोडा वेळ मलाही जगायला लावलं होतं.

पुनर्जन्माचा सिनेमा आपल्याला काही नवा नाही. ‘मधुमती’ (1958) घ्या, ‘कर्ज’ (1980) घ्या. आपण त्यावरच वाढलो. पण आपल्याकडे पुनर्जन्म म्हणजे राहिलेलं काम पुरं करण्याची संधी. गाण्याची धून ऐकू येते, वाडा ओळखीचा वाटतो, लख्खकन सगळं आठवतं. मग सूड घेतला जातो किंवा ताटातूट झालेले भेटतात. खातं मिटतं. ओशीच्या सिनेमात खातंच नाही! पुण्य नाही, पाप नाही, गेल्या जन्मीचं देणं-घेणं नाही. कंपनीला कुशल वैमानिक हवाय म्हणून जन्म. मित्सुया नावाची एक वैमानिक मुलगी आपल्या आठवणी आपल्याच आहेत की कुणी दिल्यात, या विचाराने कासावीस होते, तेव्हा तिला सांगायला आपल्याकडच्या कुठल्याही कीर्तनकाराकडे काही नसेल असं मला वाटलं. मोक्ष मागायचा तरी कुणाकडे?

आणि आता प्रेमाचं. कुसानागीसुद्धा किल्ड्रेन आहे, पण ती इतकी वर्षं मेली नाही. म्हणून तिला सगळं आठवतं. जिनरो तिचा कोण होता, त्याचं काय झालं, याची कुजबुज तळावर चालूच असते. आता त्याच सवयी, तेच हात घेऊन हा कान्नामी समोर उभा आहे, आणि त्याच्या डोळ्यांत ओळख नाही. आपल्या सिनेमात पुन्हा जन्मलेला रडतो. इथे न मेलेली रडते. तीही रडत नाही खरं तर, तोंड घट्ट मिटून घेते. दोघं जवळ येतात तेव्हाही मध्ये पिस्तूल असतं: तू मला मारणार, की मी तुला? एवढं तुटक, एवढं कोरडं प्रेम मी पडद्यावर पाहिलं नव्हतं, आणि तरी माझा घसा दाटला. त्यात मिझुकी! सगळे जिला कुसानागीची धाकटी बहीण म्हणतात, ती तिची मुलगी आहे. मुलगी वाढतेय, आई नाही. काही वर्षांत दोघी एका वयाच्या होतील, आणि मग लेक पुढे निघून जाईल. हे वाक्य लिहितानाही हात थांबतोय.

‘टीचर’बद्दल सांगायला हवं. शत्रूच्या बाजूचा वैमानिक, विमानावर काळा जॅग्वार रंगवलेला, आणि तो प्रौढ आहे. त्याला कुणीच हरवू शकत नाही. तो असेपर्यंत खेळ संपत नाही, म्हणजे कदाचित खेळ संपू नये म्हणूनच तो आहे. त्याच्यासमोर कान्नामी काय करतो, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते, त्या वेळी मी उशी आवळून बसले होते.

‘बाहेर काही बदलत नाही, मग काय करायचं’ हा प्रश्न ओशीला फार आधीपासून छळत असावा. 1984 च्या त्याच्या ‘ब्युटिफुल ड्रीमर’मध्ये शाळेच्या महोत्सवाचा आदला दिवस पुन्हा पुन्हा उजाडत राहतो, तिथे त्याची धमाल आहे. इथे तोच माणूस वयाच्या पन्नाशीपलीकडून त्याच चक्राकडे बघतोय, आणि हसू कुठल्या कुठे गेलंय. 2008 मध्ये हा सिनेमा व्हेनिसच्या स्पर्धा विभागात होता, मियाझाकीच्या ‘पोन्यो’बरोबर. एक पाच वर्षांच्या मुलाचा समुद्र, एक कधीच मोठ्या न होणाऱ्या मुलांचं आकाश. काय वर्ष असेल ते!

सिनेमा ज्यांवर बेतलाय, त्या कादंबऱ्या हिरोशी मोरीच्या. नागोयाच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवता शिकवता लिहायला लागलेला माणूस. मालिकेत सर्वांत आधी, 2001 मध्ये, प्रसिद्ध झालेली ‘द स्काय क्रॉलर्स’ कथाक्रमाने शेवटची आहे. नंतर आलेल्या कादंबऱ्या तिच्या आधीची गोष्ट सांगतात. ओशीने शेवट बदललाय म्हणे, तेव्हा पुस्तकं मिळवून वाचणं आलंच.

तर दोन तास काढा. मूळ जपानी आवाजात पाहा, हेडफोन लावा, केन्जी कावाईच्या संगीताला जागा द्या, पहिल्या तासात कंटाळा आला तर येऊ द्या. आणि हात जोडून विनंती: नावं वर सरकायला लागली की बंद करू नका. नावांनंतर अजून एक प्रसंग आहे. तो पाहून झाला की मला फोन करा, कितीही वाजले असले तरी.