भाताच्या मुलखात, गव्हावाचून

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे पोलाद येते. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गजवळ एक आखीव शहर वसले. आपण ज्या रुळांवरून तिथे पोहोचतो, ते रूळही बहुधा तिथलेच! पण आमच्या थोरल्या नणंदबाईंकडे आम्ही निघालो, तेव्हा माझ्या मनात पोलाद नव्हते, होते मुलीचे ताट.

मुलीला सिलिअ‍ॅकचा आजार आहे. गहू, सातू (म्हणजे जव) आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे तिच्या लहान आतड्याच्या आतल्या सूक्ष्म लव झडतात. यावर गोळी नाही; ती धान्ये जन्मभर वर्ज्य करायची, एवढाच उपाय. अगदी पोळीचा चुरासुद्धा चालत नाही. सुरुवातीला तिला दूधही सोसेना. ही लव झिजली की दूध पचवणारा रसच कमी पडतो, असे डॉक्टरांनी समजावले. काही महिन्यांनी दूध पचू लागले, मटण मात्र आजही जड जाते. अशा मुलाला घेऊन प्रवासाला निघणाऱ्या आईच्या पिशवीत कपडे कमी आणि डबे जास्त असतात, हे वाचक भगिनींना वेगळे सांगायला नको.

नागपूर सोडले की गाडीच्या खिडकीतून पिके बदलताना दिसतात. भंडारा-गोंदियापासून भाताची खाचरे सुरू होतात, मध्ये डोंगरगडची बम्लेश्वरी टेकडीवरून दर्शन देते आणि पुढे सगळा भातच भात. छत्तीसगडला ‘धान का कटोरा’ म्हणतात ते उगीच नाही.

भिलाईच्या सेक्टरांमध्ये मात्र सारा भारत राहतो. कारखान्यासाठी पंजाबी आले, मल्याळी आले, बंगाली, तेलुगू, मराठी आले आणि आपापली स्वयंपाकघरे घेऊन आले. त्यामुळे बाजारात समोसा, जिलबी, पावभाजी सगळे मिळते आणि त्या सगळ्यात मैदा. इडली-डोसा बघून मला हायसे वाटले, पण सांबारातल्या हिंगाची चौकशी करावीच लागली. आपण डबीतला जो हिंग वापरतो, त्यात पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, हे किती जणींना ठाऊक आहे? तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो. डबीवरचे बारीक अक्षर वाचायचे, एवढेच. मांसाहाराचीही तीच गत. मटणात, कोंबडीत, माशात ग्लुटेन मुळीच नसते. ते येते हॉटेलातला रस्सा दाट करायला लावलेल्या पिठातून, सोया सॉसमधून, तळणीच्या वरच्या कवचातून.

आमची खरी सोय झाली ती नणंदबाईंच्या शेजारणीमुळे. त्या मूळच्या दुर्गजवळच्या खेड्यातल्या. मुलीचे पथ्य ऐकून त्या हसल्याच. म्हणाल्या, ‘‘दीदी, आमच्याकडे तर रोजचंच जेवण हे!’’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चीला आला. तांदळाच्या पिठाचा, आपल्या घावनासारखा, बरोबर टोमॅटोची चटणी. मग फरा. शिजलेला भात आणि तांदळाचे पीठ एकत्र मळून, लांबट वळून वाफवायचे आणि वरून तीळ-मिरचीची फोडणी. चौसेला म्हणजे तांदळाची पुरी. अइरसा तर आपल्या अनारशाची सख्खी बहीण. अळूसारख्या कोचईच्या पानांना उडदाचे वाटण लावून इडहर करतात, तो दह्याच्या कढीत सोडतात. गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच माझी मुलगी ‘यात काय आहे?’ असे न विचारता जेवत होती.

मी मात्र विचारत होते. ठेठरी बेसनाची, म्हणून चालते. पण खुरमी गव्हाची, आणि दोन्ही तळायला कढई एकच! शेजारीणबाईंनी न रागावता ठेठरीसाठी वेगळे तेल ठेवले. पिठाचाही प्रश्न होताच. ज्या गिरणीत गहू दळतात, तिथले तांदळाचे पीठ आम्हाला चालत नाही. मग तांदूळ धुऊन, वाळवून घरीच मिक्सरवर काढले. नणंदबाई म्हणाल्या, ‘‘अगं, माझी पोळपाट-लाटणी मी चार दिवस माळ्यावरच टाकते.’’ त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला रव्याच्या शिऱ्याऐवजी तिखुराचा शिरा झाला. तिखूर म्हणजे रानहळदीच्या जातीतल्या एका कंदाचे सत्त्व, इथे उपासाला चालते. गुरुजींनी काही हरकत घेतली नाही. प्रसादाला ‘नको’ म्हणावे लागले नाही, याचा आनंद ज्याच्या घरी असे मूल आहे त्यालाच कळेल.

रविवारी घरात मटण शिजले. मुलीसाठी शेजारीणबाईंनी मोहरी-लसूण वाटून माशाची पातळ भाजी केली, भाताबरोबर. ती तिला सोसली. अर्थात हे ज्याचे त्याने, एकेक पदार्थ थोडा थोडा खाऊन, डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. एक मात्र आवर्जून सांगते, केवळ शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू बंद करू नका. मग रक्ताच्या तपासणीत आजार सापडतच नाही.

उन्हाळ्यात गेलात तर बोरे-बासी खाऊन पाहा. भात पाण्यात भिजवून दही, कांदा, हिरवी मिरची यांच्याबरोबर खायचा. कष्टकऱ्यांचे हे खाणे. २०२२ साली १ मे रोजी, कामगारदिनी, राज्य सरकारने ते खाण्याचे सर्वांनाच आवाहन केले होते. कारखान्याच्या गावाला हे शोभतेही. उन्हाळ्याचे दिवस असल्याने भात रात्रभर नको, ताजा भिजवलेलाच मुलांना द्यावा, असे माझे मत.

फिरायला मैत्रीबाग आहे. भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाची ही बाग आणि तिथले पांढरे वाघ मुलांना फार आवडतात. दारातल्या गाड्यांवरचे खाणे मात्र टाळा. रायपूरला जाणार असाल तर महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातले गढकलेवा पाहा. तिथे छत्तीसगडी पदार्थच मिळतात. तरी कढईची चौकशी तिथेही करायचीच.

निघताना नणंदबाईंनी पाच किलो दुबराज तांदूळ बांधून दिला. नगरीच्या या सुवासिक तांदळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परतीच्या गाडीत शेजारच्या बाकावर पुऱ्यांचा डबा उघडला गेला, एक पुरी मुलीपुढेही आली. तिने आपल्या डब्यातला चौसेला उचलून दाखवला आणि त्या बाईंनाच विचारले, ‘‘तुम्ही घेता का?’’